खलनायकाचा पत्ता बदलून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत वाचकांनी रेखाटलेले ‘पर्यायी विश्वातले खलनायक’ पाहिले. हात चांगले आहेत, रंगही जमलेत. पण बहुतेकांनी खलनायकाला इकडचे कपडे घातले आणि तिथेच थांबले. एका चित्रात सुपरमॅनचा वैरी लेक्स ल्युथर घोडबंदर रोडचा बिल्डर झालाय. १९४० साली लाल केसांचा माथेफिरू शास्त्रज्ञ म्हणून आलेल्या ल्युथरला मूळ कॉमिक्सवाल्यांनीच १९८६ मध्ये बडा उद्योगपती करून टाकलं होतं. त्याचा बिल्डर केला म्हणजे नुसता पत्ता बदलला. बॅटमॅनचा वैरी जोकर, त्याला ठाण्याच्या मनोरुग्णालयात बसवणं त्याहून सोपं आणि त्याहून वाईट. ‘ठाण्याला पाठवा’ हा विनोद पिढ्यान्‌पिढ्या घासून झालाय आणि तो तिथल्या रुग्णांच्या वाट्याला येतो, जोकरच्या नाही. शिवाय जोकर मुळात कोण होता हे कुणालाच नक्की माहीत नाही, म्हणून तर त्याची धास्ती. त्याचा केसपेपर काढलात की धास्ती संपली.

पर्यायी विश्वात एकच घटना बदलायची आणि बाकीचं तिच्या मागोमाग येऊ द्यायचं. २०११ सालच्या बॅटमॅनच्या एका कथेत गल्लीतल्या गोळीबारात आईबापांऐवजी पोरगा ब्रूस, म्हणजे मूळ कथेतला बॅटमॅन, मरतो. बदल एवढाच. मग बाप बॅटमॅन होतो आणि आई जोकर.

नवी मुंबईसाठी आम्ही बॅटमॅनचाच एक खलनायक, मिस्टर फ्रीझ, निवडू. १९५९ साली हा ‘मिस्टर झीरो’ या नावाने आला तेव्हा गोठवणारी बंदूक घेतलेला साधा चोर होता. आजारी बायको नोरा आणि तिला गोठवून जगवण्याची धडपड त्याला १९९२च्या ॲनिमेशन मालिकेने दिली. त्या कथेत मालक प्रयोग बंद पाडायला येतो, झटापटीत फ्रीझच्या अंगावर रसायन सांडतं आणि तेव्हापासून तो शून्याखालीच जगू शकतो. आपल्या विश्वात मालक येतच नाही असं धरा. मग अपघात नाही, पोशाख नाही, बंदूकही नाही. उरतो तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमधला घामाघूम प्लांट ऑपरेटर आणि मागच्या खोलीत गोठवलेली बायको.

इथून पुढची गोष्ट थंडी करणारं यंत्र, कॉम्प्रेसर, लिहितो. गोठवलेली मासळी उणे १८ अंशांवर ठेवतात. हापूसला १२-१३ अंश लागतात. फार खाली नेलं तर साल काळपट पडते आणि फळ नीट पिकत नाही. नोराची खोली मासळीइतकीच थंड धरा आणि ती व आंब्याची, दोन्ही खोल्यांना थंडी पुरवणारं यंत्र एकच ठेवा. एप्रिल-मेमध्ये आंब्याची आवक वाढते, दारं सारखी उघडतात, दमट हवा आत शिरून कॉइलवर, म्हणजे थंडी देणाऱ्या नळ्यांवर, हिम साचतं, हवा खेळत नाही आणि थंडी कमी पडते. डिफ्रॉस्ट करायचं, म्हणजे ते हिम वितळवायचं, तर तेवढा वेळ त्या कॉइलची थंडी बंद. नोराच्या खोलीत हे चालणार नाही. म्हणून तो आंब्याच्या खोल्यांचे व्हॉल्व्ह आवळतो आणि सगळा जोर तिच्याकडे वळवतो. पेट्यांतला आंबा वेळेआधी पिकतो, मग नासतो. देवगडच्या बागायतदाराचा हंगाम गेला आणि कुणावर बर्फ फेकावा लागला नाही. (नोराला उणे १८ पुरतील का, हे कॉमिक्समध्ये विचारायचं नसतं. लेखकाने एक आकडा ठरवावा आणि शेवटपर्यंत पाळावा.)

शस्त्र हवंच असेल तर अमोनिया आहे. मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये थंडी करायला नळ्यांतून बहुधा तोच फिरतो, साध्या दाबाला उणे ३३ अंशांवर उकळतो. पण त्याने माणसाचा बर्फाचा पुतळा होत नाही. डोळे आणि घसा जळतात, कातडी भाजते आणि वारा फिरला तर ढग सोडणाऱ्याच्याच अंगावर येतो. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, त्यामुळे इथल्या नायकाला बॅटमॅनची गाडी नको. अग्निशमन दलाचा पाण्याचा फवारा पुरे.

पोशाख नाही तर ओळखायचं कशावरून? मूळ फ्रीझची खूण म्हणजे डोक्यावरचा काचेचा गोल घुमट. तो काढून खोलीच्या दारावर बसवा: दाराला गोल काच, आत निळा उजेड, आणि त्याचं डोकं नेमकं त्या वर्तुळात. आकृती पूर्ण काळी भरून पाहा. नुसत्या आकारावरून ओळख पटली तरच रंगाकडे वळा. थंड काचेवर बाहेरून पाणी धरतं, तेव्हा बोलता बोलता तो बाहीने काच पुसत राहील. बायको दिसायला हवी ना.

एक सूचना संवादाच्या फुग्यांबद्दल. इंग्रजी कॉमिक्समधली अक्षरं बहुधा सगळी कॅपिटल, एका उंचीची असतात. त्या मापाच्या फुग्यात देवनागरी कोंबली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. मजकूर आधी लिहावा, दोन ओळींत अक्षराच्या निम्म्या उंचीएवढी जागा सोडावी आणि मग भोवती फुगा काढावा. एका फुग्यात २५ शब्दांच्या वर जाऊ नये.

आणि आपल्याला विनंती: पुढच्या वेळी प्रत्येक चित्रासोबत ‘मूळ कथेतली कोणती एक घटना बदलली’ हे दोन ओळींत मागवावं आणि चित्र निदान पाव पान तरी छापावं. या वेळच्या आकारात बारीक रेघांच्या छटा शाई पसरून नुसते काळे डाग झाल्या आहेत.

आपले,
कॉमिक्स लिहिणारे-रेखाटणारे काही वाचक, ठाणे