‘डोअर डिलिव्हरी’ फाट्यापर्यंतच!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी वरूड तालुक्यातला संत्रा बागायतदार, वय ६७. चाळीस वर्षं आमच्या बागेतून दिल्ली, कोलकात्याला ट्रक भरून गेले. बिल्टी (म्हणजे ट्रकवाल्यानं द्यायची मालाची पावती), भाडं, हमाली, नग, डाला, टू-पे हे शब्द आमच्या घरची लेकरंसुद्धा बोलतात. एवढं असूनही गेल्या मे महिन्यात पोराचं बिऱ्हाड पुण्याहून गावी आणताना मी चांगलाच ठेचाळलो. पैसे गेल्याचं दुःख आहेच. त्याहून जास्त बोचतं ते हे, की कागद माझ्यासमोर होता, अक्षरं वाचता येत होती आणि तरी मला काही विचारावंसं वाटलं नाही.

सूनबाईंना इकडे ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली. पोराचं काम घरूनच चालतं. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड हलवायचं ठरलं. पोरानं रात्री इंटरनेटवर नंबर टाकला आणि सकाळचा चहा होईस्तोवर अकरा फोन आले. भाव १६ हजारांपासून ३५ हजारांपर्यंत. तोच पलंग, तोच फ्रीज, तोच रस्ता आणि भावात दुपटीहून जास्त फरक! आमच्या बाजारात असं झालं तर आधी मालात काय खोट आहे ते पाहतात. इथे आम्ही स्वस्त पाहिलं. पोरानं कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, म्हणाला, ‘बाबा, तुम्ही बिल्टीवाले, जरा पाहून घ्या.’ मी खालचा आकडा पाहिला, २२,५००. म्हटलं, देऊन टाक होकार.

फरक कशाचा होता ते नंतर कळलं. महागवाले ‘डेडिकेटेड’ म्हणत होते, म्हणजे गाडी एकट्या आपल्या सामानाची. स्वस्तवाल्यानं ‘शेअरिंग’ लिहिलं होतं, त्यालाच ‘पार्ट लोड’ही म्हणतात. यात काही वाईट नाही. संत्र्याचा ट्रक अर्धा राहिला तर उरलेल्या जागेत आम्हीही दुसऱ्याचा माल घेतो. पण संत्रा सडतो, म्हणून त्या गाडीला घाई असते. पलंग सडत नाही, त्यामुळे त्याची घाई कोणालाच नाही. ‘४ ते ५ वर्किंग डेज’ लिहिलेलं सामान नवव्या दिवशी आलं. सुट्ट्या धरायच्या नाहीत आणि दिवस मोजायचे ते गाडी त्यांच्या गोडाऊनमधून सुटल्यापासून, घरून उचलल्यापासून नाही, असा त्याचा अर्थ निघाला. मधल्या काळात नातू आजीच्या लुगड्याच्या गोधडीवर झोपला आणि खूश होता, तो भाग वेगळा.

दुसरा शब्द ‘सीएफटी’, म्हणजे घनफूट. आम्हाला सवय टनाची आणि क्विंटलची. घरसामानाला वजनापेक्षा जागेचा भाव असतो. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल लोखंडी कपाट घ्या. गुणाकार केला तर सव्वाएकोणतीस घनफूट होतात. आत साड्या भरा नाहीतर रिकामं ठेवा, गाडीत ते तेवढीच जागा खातं. फोनवरून व्हिडिओ सर्व्हे झाला तेव्हा पोरानं खोल्या फिरवून दाखवल्या आणि त्यावरून यादी झाली. गॅलरीतल्या कुंड्या, आम्हीच पाठवलेलं तुरीच्या डाळीचं पोतं आणि माझ्या आईचा पाटा-वरवंटा व्हिडिओत आलेच नाहीत. सामान उचलायच्या दिवशी ‘लिस्टबाहेरचे नग’ म्हणून १,८०० रुपये वेगळे मागितले. तेही पलंग खोलून, नटबोल्ट पिशवीत बांधून झाल्यावर. तेव्हा कोण भाव करत बसतो? कोटेशनचा आकडा पक्का असतो तो फक्त यादीतल्या सामानापुरता.

पण मला खरं लिहायचंय ते ‘डोअर टू डोअर’बद्दल, कारण यात आपल्या गावाकडची माणसं हमखास अडकतात. शहरात दार म्हणजे सोसायटीचं गेट किंवा लिफ्टचं तोंड. गावात दार म्हणजे काय, हे त्या कागदात कोणी लिहिलेलंच नाही. आमचं घर फाट्यापासून दीड किलोमीटर. गावात शिरताना देवळाजवळ वळण, वर लोंबलेल्या विजेच्या तारा आणि पुढे आठ फुटांची गल्ली. सकाळी सात वाजता ड्रायव्हरचा फोन आला, ‘अंकल, गाडी अंदर नहीं जाएगी.’ मी गेलो, पाहिलं. त्याची काही चूक नव्हती, तेवढी उंच गाडी तारांखालून गेलीच नसती. म्हटलं, मग सामान घरी कसं येणार? त्यानं पुण्याला फोन लावून दिला. तिकडचा मुलगा म्हणाला, ‘सर, डोअर डिलिव्हरी ॲक्सेसिबल पॉइंटपर्यंत असते. पुढे शटल चार्ज लागेल.’

शटल म्हणजे मोठी गाडी जात नाही तिथे लहान गाडी करून फेऱ्या मारणं. त्याचे २,५०० सांगितले. सामान हातानं लांबवर वाहून न्यायचं तर त्याला ‘लाँग कॅरी’ म्हणतात, तो खर्च निराळा. आणि या घासाघिशीत गाडी उभी राहिली तर ‘डिटेन्शन’ लागू होतं, आपल्या भाषेत गाडीची खोटी, म्हणजे खोळंब्याचे पैसे. म्हणजे मी भांडलो तर भांडणाच्या वेळेचेही पैसे मीच द्यायचे! शेवटी शेजारच्या भावानं ट्रॅक्टर-ट्रॉली आणली. तीन फेऱ्या झाल्या. गाडीसोबत आलेल्या दोघांनी फाट्यावर सामान खाली उतरवलं आणि ‘अनलोडिंग हो गया’ म्हणून सही मागितली. कागदावर ‘लोडिंग-अनलोडिंग इन्क्लूडेड’ होतंच, त्यांनी ते शब्दशः पाळलं. शेजारी म्हणाला, ‘काऊन भाऊ, एवढ्या पैशात तं माहा ट्रॅक्टर पुण्याले जाऊन आला असता!’

गावी सामान आणणाऱ्या प्रत्येकानं होकार देण्याआधी एवढं एक वाक्य लिहून घ्यावं: गाडी गावात गेली नाही तर फाट्यापासून घराच्या ओट्यापर्यंत सामान कोण आणेल आणि त्याचे पैसे याच रकमेत आहेत का? गल्लीचा आणि तारांचा फोटो आधीच पाठवावा. फोनवरच्या ‘हो सर, सब हो जाएगा’वर जाऊ नये.

आता फुटतुटीचं. पार्ट लोड असल्यानं आमचं सामान अमरावतीला एका गाडीतून दुसऱ्या गाडीत गेलं. याला ‘ट्रान्सशिपमेंट’ म्हणतात आणि सामानाची खरी हेळसांड होते ती इथे. ‘थ्री लेअर पॅकिंग’ कबूल केलं होतं, म्हणजे बबल, पुठ्ठा आणि वरून ताणून गुंडाळायचं प्लास्टिक. सूनबाईंच्या माहेरच्या ड्रेसिंग टेबलच्या आरशाला नुसतं बबल होतं. पूर्वी आम्ही लाकडी पेटीत गवत घालून संत्री पाठवायचो, ती कोलकात्याला धड पोचायची. आरशाचे तीन तुकडे झाले, फ्रीजचं दार आत दबलं. दोन्ही मिळून १४ हजारांचं नुकसान.

मी निर्धास्त होतो, कारण ‘इन्शुरन्स’चे ३,००० रुपये भरले होते. सामानाची किंमत एक लाख लिहिली होती, त्यावर तीन टक्के. पॉलिसीचा नंबर मागितला तेव्हा कळलं की पॉलिसी काढलेलीच नाही. बिलावर शब्द होता ‘एफओव्ही’, म्हणजे ‘फ्रेट ऑन व्हॅल्यू’. फोनवर बोलताना त्यालाच इन्शुरन्स म्हणत होते. ट्रान्झिट इन्शुरन्स ही विमा कंपनीची गोष्ट आहे. तिचा कागद येतो, त्यावर नंबर असतो आणि दावा विमा कंपनीकडे लागतो. एफओव्ही हा वाहतूकदारानं स्वतः जोखीम घेण्यापोटी घेतलेला जादा दर. तोही एक वेळ ठीक. पण बिल्टी उलटून पाहिली तर मागे बारीक अक्षरात छापलेलं: ‘ॲट ओनर्स रिस्क’. मालकाच्या जोखमीवर! जोखीम घेण्याचे पैसे पुढच्या बाजूनं घेतले आणि मागच्या बाजूनं जोखीम मलाच परत केली.

हे शब्द मी हजार बिल्ट्यांवर पाहिलेत. पण संत्र्याच्या वेळी दहा-वीस पेट्या खराब झाल्या तर व्यापारी आणि ट्रान्सपोर्टवाला आपसात मिटवून घेत, कारण पुढच्या बहाराला दोघांना एकमेकांचं तोंड पाहायचं असे. घर हलवणाऱ्या कंपनीला आपलं तोंड पुन्हा पाहायचं नसतं. मला वाटतं, सगळा फरक इथे आहे.

माझा भाचा वरूडला वकिली करतो. त्यानं ‘कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट’ म्हणून २००७ चा कायदा वाचून दाखवला. १८६५ च्या इंग्रज अमदानीतल्या कायद्याच्या जागी तो आला आणि मार्च २०११ पासून लागू झाला. माल हरवला-फुटला तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत धरतात, मात्र आपण लिहून दिलेल्या किमतीच्या वर नाही. त्याहून जास्त जोखीम त्यानं घ्यावी असं वाटत असेल, तर जादा दर देऊन तसं लेखी ठरवावं लागतं. इथे ‘भाडं’ या शब्दाकडे पाहा. आमच्या २२,५०० पैकी ‘फ्रेट’ म्हणून दाखवले होते ११,००० आणि बाकी पॅकिंग, चढ-उतार, एफओव्ही. भाच्याचा हिशेब असा, की ११,००० ची दहापट एक लाख दहा हजार आणि किंमत लिहिलेली एक लाख, म्हणजे एफओव्ही भरला नसता तरी माझे १४ हजार मर्यादेत बसत होते. ‘किंमत कमी लिहा सर, चार्ज कमी लागेल’ असं जेव्हा एजंट सांगतो, तेव्हा तो आपल्याच भरपाईची कमाल मर्यादा खाली आणत असतो. पोरानंही एक लाख हा आकडा असाच ऐकून लिहिला होता. सामान पावणेतीन लाखांचं तरी असेल.

दोन गोष्टी लवकर सांगतो. एका एजंटानं ‘ई-वे बिला’चे, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाचे, ६०० मागितले होते. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही, ते नियमातच सूट दिलेल्या यादीत आहे. आणि ‘बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा, नाहीतर तसंच करून टाकू’ असं बहुतेक सगळेच म्हणाले. पोरानं हट्टानं बिल घेतलं. या साऱ्या प्रकरणात आमच्या घराण्यानं केलेलं शहाणपणाचं काम तेवढंच. बिल नसतं तर भाच्यालाही काही करता आलं नसतं.

पैशांच्या बाबतीतही आमची जुनी सवय मोडली. संत्र्याच्या बिल्टीवर ‘टू-पे’ असलं की माल उतरल्यावर पलीकडचा भाडं देतो. इथे ‘लोडिंगला ९० टक्के’ अशी अट होती. फाट्यावर मी भांडत होतो तेव्हा माझ्या हातात त्यांचे फक्त दहा टक्के होते आणि त्यांच्या हातात माझं सगळं घर. निदान तीस-चाळीस टक्के रक्कम सामान घरात आल्यावर द्यायची, असं आधी ठरवता येतं. आमच्या गावच्या एका पोरानं परवा नागपूरला जाताना तसं ठरवलं आणि कंपनीनं मुकाट्यानं मानलं.

नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. आम्ही दिली, स्पीड पोस्टानं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनलाही तक्रार नोंदवली. बिल्टीवर ‘पुणे न्यायकक्षेच्या अधीन’ छापलेलं पाहून मी आधी हातपाय गाळले होते. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. म्हणजे आम्हाला अमरावती पुरे. तिथवर जायची वेळ आली नाही. नोटीस पोचल्यावर कंपनीनं ६,००० देऊ केले. पोर म्हणालं, घ्या आणि मिटवा. मला पटलं नव्हतं, पण सामान त्याचं. फ्रीजचं दार झालं, आरसा राहिला.

आपल्या वर्तमानपत्राला विनंती अशी, की बाजारभावाच्या पानावर संत्र्याचा, कापसाचा, तुरीचा भाव रोज छापता, तसा उन्हाळ्यात बदल्यांच्या आणि शाळाप्रवेशांच्या दिवसांत या शब्दांचा मराठीत अर्थ चार ओळींत छापावा. कंपन्यांनीही कोटेशन आणि बिल्टीची मागची बाजू मराठीत द्यावी. महाराष्ट्रातून महाराष्ट्रात सामान नेणाऱ्यांना त्यात अवघड काय? ‘शटल’ला ‘फाट्यापासून पुढचं भाडं आणखी लागेल’ असं लिहिलं असतं, तर चाळीस वर्षं ट्रक भरणाऱ्या माणसाला ते नक्की वाचता आलं असतं.

एक राहिलंच. सामानाच्या यादीवर ‘स्टोन आयटम, नग १’ असं लिहिलं होतं. मी त्यावर सही केली, कारण पाटा समोर दिसत होता. संध्याकाळी सूनबाईंनी विचारलं, ‘बाबा, वरवंटा कुठे ठेवला?’ कंपनीला फोन केला. ते म्हणाले, एक नग लिहिलाय, एक नग पोचलाय. त्यांचं बरोबर आहे. पाटा ओट्यावर उभा करून ठेवला आहे आणि चटणी मिक्सरमध्ये होते आहे.

आपला वाचक,
एक संत्रा बागायतदार
ता. वरूड, जि. अमरावती