फुलराणी आहे तशीच राहू द्या

पुण्यातील जुन्या बालोद्यानांत आता ‘आधुनिक’ खेळ आणावेत, असे सुचवणारा लेख वाचला. नव्या खेळांना माझा विरोध नाही, पण त्यासाठी पेशवे पार्कमधील फुलराणी या छोट्या रेल्वेगाडीला धक्का लावू नये. ८ एप्रिल १९५६ रोजी सुरू झालेल्या या गाडीत मी लहानपणी बसले, पुढे मुलाला घेऊन बसले आणि अलीकडे नातीसोबत. गुडघे पोटाशी घेऊन बसावे लागते, इतका तो डबा बुटका. तरी गाडी हलली की कुंपणापलीकडच्या अनोळखी माणसांना हात हलवल्याशिवाय राहवत नाही. माझ्यासमोर बसलेले एक आजोबा तर नातवाच्या आधी हात हलवत होते!

खासगी उद्याने धंद्याच्या गणितावर चालतात. मुंबईतील गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले आणि २०२२ मध्ये बंद पडले. शाळेच्या सहलीत बोटीने खाडी ओलांडून तिथे गेलेली मुले आज आई-बाप झाली आहेत. आपल्या मुलांना त्यांनी कुठे न्यायचे? फुलराणी मात्र महापालिकेची, म्हणजे आपणा सर्वांची आहे. पेशवे पार्कातले प्राणी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेले, तरी ती टिकली. पिढ्यान् पिढ्या परत येता येईल अशी जागा विकत आणता येत नाही. उद्यानांसाठी पैसा मंजूर होणार असेल, तर आधी रूळ, डबे आणि इंजिनाच्या नियमित देखभालीची तरतूद करावी आणि तिकीट सामान्य घरातल्या मुलांना परवडेल असेच ठेवावे.

– एक आजी, सदाशिव पेठ, पुणे