गणित सोडू न दिल्याबद्दल

आदरणीय मॅडम,
साष्टांग नमस्कार.

परवा हवाई दलाचं जॉइनिंगचं पत्र आलं. घरी सगळ्यांना दाखवून झाल्यावर मी कपाटातून बारावीची मार्कशीट काढली आणि तिच्याकडेच बघत बसले. भौतिकशास्त्र ६६, गणित ७१. हे ७१ तुमचे आहेत. म्हणून हे पत्र, आणि चार जणांना वाचता यावं म्हणून उघडपणे.

२०१८ चा जुलै. दहावीच्या गणितात ५२ पडल्यावर मी इतका धसका घेतला होता की अकरावीच्या फॉर्मवर गणित टाळून जीवशास्त्राबरोबर भूगोल भरला. पहिल्या तासाला तुम्ही प्रत्येकाला काय व्हायचंय ते विचारलंत. मी 'पायलट' म्हणाले आणि वर्ग हसला. तुम्ही नाही हसलात. दुसऱ्या दिवशी माझा फॉर्म हातात घेऊन म्हणालात, "अगं, मग गणित कसं सोडलंस?" विषय बदलायची मुदत संपली होती. अर्ज तुम्ही लिहिलात, प्राचार्यांकडे तुम्हीच गेलात. खालची सही तेवढी माझी.

आणि मग शिकवलंत. व्हेक्टर, म्हणजे दिशा असलेल्या राशी, मला काही केल्या उमगत नव्हते. तुम्ही विचारलंत, "बामणोलीहून लाँच जलाशयाच्या पलीकडे निघते तेव्हा नावाडी तोंड सरळ धक्क्याकडे धरतो का?" नाही धरत. वारा असला की तो वाऱ्याच्या अंगाला थोडी तिरकी काढतो, हे मी लहानपणापासून बघत आलेय. तुम्ही फरशीवर खडूने तीन बाण काढलेत: बोटीचा वेग, वाऱ्याचा वेग, आणि दोन्ही मिळून बोट खरी जाते ती दिशा. "विमानाचंही असंच असतं," म्हणालात. त्या दिवसापासून गणिताची भीती गेली ती गेलीच.

पुढे इंजिनिअरिंगची फी परवडणारी नव्हती, म्हणून मी भूगोल घेऊन बीए केलं. एका क्लासवाल्यांनी तर सांगूनच टाकलं की बीएवाल्यांना पायलट होता येत नाही. घरी येऊन खूप रडले. मग तुम्हीच फोनवर एएफकॅटची, म्हणजे हवाई दलात अधिकारी व्हायच्या प्रवेश परीक्षेची जाहिरात ओळ न ओळ वाचून दाखवलीत. फ्लाइंग शाखेला पदवी कोणत्याही विषयाची चालते, किमान ६० टक्के हवेत. पण बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र दोन्ही हवेतच, प्रत्येकी किमान ५० टक्क्यांनी. बारावीनंतर एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून हवाई दलात जायचं तरी बारावीला भौतिक, रसायन आणि गणित लागतंच. अकरावीचा फॉर्म भरणाऱ्या पोरांना आणि त्यांच्या आईवडिलांना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं. मला सांगणारं माणूस भेटलं.

म्हैसूरला एएफएसबीला, म्हणजे हवाई दलाच्या निवड मंडळापुढे, कागदपत्रं तपासताना अधिकाऱ्यांचं बोट मार्कशीटवरून खाली सरकत गेलं, गणितापाशी क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं. पुढे पायलटसाठीची सीपीएसएस चाचणी होती. ती आयुष्यात एकदाच देता येते, त्यामुळे हात गार पडले होते. पण त्या क्षणभराइतकी धडधड तिथेही झाली नाही.

पुढच्या महिन्यात हैदराबादजवळ दुंडिगलच्या अकादमीत दाखल होतेय. तुमच्या अक्षरातली गणिताची वही बरोबर नेतेय, परत मागू नका. पहिल्या सुट्टीत येईन तेव्हा तुम्हाला बामणोलीला घेऊन जाईन. लाँचमध्ये पुढे बसू.

तुमची,
शेवटच्या बाकावरची विद्यार्थिनी