फ्रिट्झ पोलार्ड आणि १९४६ च्या आधीची गोष्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सुपर बोलच्या, म्हणजे एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्याच्या, निमित्ताने अमेरिकन फुटबॉलवर पानभर लेख आला, तो आवडीने वाचला. ज्या खेळात पायापेक्षा हातच जास्त चालतो त्याला फुटबॉल का म्हणायचं, हा माझा जुना प्रश्न लेखकानेही थट्टेत विचारला आहे. पण एक वाक्य दाताखाली खडा यावा तसं लागलं : ‘या लीगमध्ये पहिले कृष्णवर्णीय खेळाडू १९४६ साली आले.’ लेखकाला एकट्याला दोष देत नाही, हे वाक्य बऱ्याच ठिकाणी असंच छापलं जातं. तरी ते चुकीचं आहे आणि त्या चुकीखाली एक अख्खा माणूस गाडला जातो, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त क्रीडाशिक्षक. उभा जन्म शाळेच्या मैदानावर कबड्डी आणि खो-खो शिकवण्यात गेला. मुलगी शिकागोजवळ राहते, त्यामुळे दोन-तीनदा तिकडे जाणं झालं. टीव्हीवर हा खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा काही कळेना. नातू म्हणाला, “आजोबा, तो बॉल घेऊन पळतोय ना, तो रेडर आहे असं समजा.” मग उलगडलं. रनिंग बॅक म्हणजे लंबगोल चेंडू काखेत दाबून समोरच्या भिंतीत फट शोधणारा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, आणि समोरचे अकराही जण पकडीला टपलेले. आपला चढाईपटू निदान हात लावून मागे पळू शकतो, याला मागे जायची सोयच नाही.

फ्रिट्झ पोलार्ड हा असा गडी. पूर्ण नाव फ्रेडरिक डग्लस पोलार्ड, गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्यावरून ठेवलेलं. जन्म २७ जानेवारी १८९४, शिकागोच्या रॉजर्स पार्क भागात. शिकागोकर मराठी मंडळींना सांगायला हवं की आपण डाळ-तांदूळ आणि मिठाई आणायला ज्या डेव्हॉन रस्त्यावर जातो, तोच रस्ता रॉजर्स पार्कची दक्षिणेकडची हद्द आहे. मीही त्या रस्त्याने पिशव्या घेऊन हिंडलो, तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पोलार्डचे वडील न्हावी होते, आई शिवणकाम करायची. ‘फ्रिट्झ’ हे नाव शेजारपाजारच्या जर्मन वस्तीने दिलेलं.

उंची पाच फूट नऊ इंच, वजन पंचाहत्तर किलोच्या आसपास. आजच्या खेळाडूंपुढे पोरसवदाच. ब्राउन विद्यापीठाकडून तो १ जानेवारी १९१६ रोजी पॅसाडीनात रोझ बोल हा कॉलेज संघांचा मानाचा सामना खेळला. त्या सामन्यात उतरलेला हा पहिला कृष्णवर्णीय. पावसाने चिखल झालेला, ब्राउन १४-० ने हरलं आणि पोलार्डची चमक दिसलीच नाही. ती दिसली त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये : येलवर २१-६ आणि पुढच्याच आठवड्यात हार्वर्डवर २१-०. एकाच हंगामात दोघांना हरवणं त्याआधी ब्राउनला कधीच जमलं नव्हतं. देशभरातल्या उत्तम अकरांच्या यादीत त्याचं नाव आलं.

पुढे पहिलं महायुद्ध. त्यानंतर १९१९ मध्ये तो ओहायोतल्या अ‍ॅक्रनला गेला. रबराच्या कारखान्यांचं हे गाव टायर बनवायचं आणि रविवारी फुटबॉल बघायचं. १९२० च्या सप्टेंबरमध्ये शेजारच्या कँटन गावी, मोटारगाड्यांच्या एका दुकानात, संघमालक जमले आणि लीग स्थापन झाली. आजची एनएफएल तीच, नाव फक्त १९२२ मध्ये बदललं. त्या पहिल्याच हंगामात अ‍ॅक्रनने आठ सामने जिंकले, तीन बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. सबंध मोसमात त्यांच्यावर गुण चढले फक्त सात! विजेतेपद अ‍ॅक्रनचं, आणि त्या संघाचा हुकमी धावपटू पोलार्ड. म्हणजे १९४६ च्या सव्वीस वर्षं आधी. आणि तो एकटाही नव्हता, रॉक आयलंडकडून बॉबी मार्शल त्याच हंगामात खेळत होता.

पण त्याने खेळायचं कसं? घरच्या मैदानावरसुद्धा त्याला संघाबरोबर कपडे बदलता येत नसत. संघाचा एक मालक फ्रँक नीड याचं सिगारचं दुकान होतं, तिथे पोलार्ड तयार व्हायचा आणि सामना सुरू व्हायच्या बेताला गाडीतून मैदानावर उतरायचा. प्रेक्षकांतून शिव्या यायच्या, वस्तू यायच्या. पाडल्यावर समोरचे ढिगाने अंगावर कोसळायचे, तो खेळाचा भागच, पण याच्या बाबतीत गुडघे आणि कोपरं जरा जास्तच लागायची. त्यावर त्याने तोड काढली. पडता पडता अंग वळवून पाठीवर यायचं आणि सायकल मारल्यासारखे पाय हवेत झाडायचे. बुटांचे खिळे तोंडासमोर फिरत असताना कोण उडी घेईल? तीस वर्षं पोरांना ‘पडायचं कसं’ हे शिकवलेला माणूस म्हणून सांगतो, असं पडणं कुठल्या पुस्तकात नाही. ते मार खाऊन खाऊन येतं.

१९२१ मध्ये अ‍ॅक्रनने एल्गी टोबिनच्या जोडीला त्याला प्रशिक्षक केलं. या लीगमधला हा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. त्याच वर्षी पॉल रोबसन संघात आला, तोच रोबसन जो पुढे गायक आणि नट म्हणून जगभर गाजला. त्या वेळी तो कायद्याचा विद्यार्थी होता. पोलार्ड पुढे मिलवॉकी, हॅमंड आणि पुन्हा अ‍ॅक्रन असा फिरला, आणि १९२६ नंतर या लीगमध्ये कधीच दिसला नाही.

त्याने एकूण किती यार्ड मारले, हे कुणी सांगणार नाही. लीगने अधिकृत आकडेवारी ठेवायला सुरुवात केली ती १९३२ पासून. ज्या खेळात आज खेळाडूच्या प्रत्येक पावलाचा हिशेब असतो, तिथे पहिल्या विजेत्या संघाच्या या खेळाडूची वही कोरी आहे. वाद घालायला हातात आकडा नसला की माणूस लवकर विसरला जातो, हे आम्हा कबड्डीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

त्यानंतर एखाददुसरा कृष्णवर्णीय खेळाडू येत राहिला. १९३३ मध्ये दोघे उरले : जो लिलार्ड आणि रे केम्प. १९३४ पासून १९४५ पर्यंत बारा हंगाम एकही नाही. नियमपुस्तकात तसं एक अक्षर नव्हतं, कुणी ठराव केल्याचा कागद नाही. त्यामुळे जाब तरी कुणाला विचारणार? या अघोषित बंदीसाठी पोलार्ड उतारवयातही शिकागो बेअर्स संघाचा मालक जॉर्ज हॅलस याच्याकडे बोट दाखवायचा, हॅलस ते नाकारायचा. दोघांत खरं कोण, याचा निवाडा मी इथे बसून करणार नाही. पण बारा वर्षं सगळ्याच मालकांना एकही लायक खेळाडू सापडू नये, हा योगायोग पचत नाही.

पोलार्ड स्वस्थ बसला नाही. आधी शिकागोत आणि मग १९३५ पासून न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये त्याने कृष्णवर्णीय खेळाडूंचे संघ उभे केले. हार्लेमच्या संघाचं नाव ब्राउन बॉम्बर्स, मुष्टियोद्धा जो लुईच्या टोपणनावावरून. तिथेच वर्तमानपत्रही चालवलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्याच्या मुलाने ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवलं.

१९४६ मध्ये केनी वॉशिंग्टन आणि वूडी स्ट्रोड लॉस एंजेलिस रॅम्सकडून उतरले, तेही मालकांना उपरती झाली म्हणून नव्हे. रॅम्सला खेळायचं होतं ते कोलिझियम स्टेडियम सार्वजनिक पैशावर चालणारं, आणि तिथे कृष्णवर्णीयांना वगळणारा संघ कसा काय खेळणार, असं तिथल्या कृष्णवर्णीय पत्रकारांनी थेट विचारलं. मला वाटतं, वृत्तपत्रातल्या लेखात एवढी गोष्ट तरी यायलाच हवी होती.

प्रशिक्षकाचं तर आणखी लांबलं. पोलार्डनंतर या लीगमध्ये दुसरा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक आला तो १९८९ मध्ये, रेडर्स संघाचा आर्ट शेल. पोलार्ड ९२ वर्षं जगला, पण ११ मे १९८६ रोजी गेला. एवढ्या मोठ्या आयुष्यात त्याला आपल्यानंतरचा एकही बघायला मिळाला नाही. कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या नामवंतांच्या दालनात, हॅलसला जागा मिळाली पहिल्याच तुकडीत, १९६३ साली. पोलार्डला २००५ मध्ये, मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी. आणि २००७ च्या सुपर बोलमध्ये पहिल्यांदाच दोन कृष्णवर्णीय प्रशिक्षक समोरासमोर आले, त्यातला लव्ही स्मिथ हा हॅलसच्याच बेअर्सचा.

माझी विनंती लहान आहे. पुढच्या रविवारी चार ओळींची दुरुस्ती छापावी. जागा नसेल तर ‘पहिले’ हा शब्द काढून ‘आले’च्या आधी ‘परत’ घातलं तरी चालेल.

कळावे,
आपला जुना वाचक,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली