आत्याच्या डोळ्यातला ठिपका

ती. स्व. लाइटवाले काका,
सा. न. वि. वि.

काल रात्री गावात देवळाच्या भिंतीला पांढरं कापड बांधून आपली शॉर्ट फिल्म दाखवली. आत्या चुलीपुढं बसून शेजारणीला सांगते, "गणपतीला येतोय म्हणालाय तो," हा सीन आला आणि माझ्या मागं बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "हिला ठाव हाय गं, तो येत न्हाई." काका, हे वाक्य आमच्या पटकथेत कुठंच नाही. ते तुमच्या उजेडानं सांगितलं. तेव्हापासून मला झोप नाही, म्हणून पत्र लिहायला बसले.

तुमच्या आधी आलेल्या माणसाबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. त्यानं पूर्ण ॲडव्हान्स घेतला, चार एलईडी पॅनेल चारी कोपऱ्यांत लावले आणि आमचं जांभ्या दगडाचं, काळवंडलेलं स्वयंपाकघर मंगल कार्यालयासारखं लख्ख केलं. "चेहरा दिसला पाहिजे मॅडम," एवढंच त्याचं म्हणणं. चुलीच्या लाल जाळाशेजारी 5600 केल्विनचा दुपारच्या उन्हासारखा पांढरा उजेड! आत्याच्या तोंडावर सावली म्हणून कुठं उरली नाही. वर तिलाच म्हणाला, "मावशी, तुम्हाला ॲक्टिंग जमत नाही." दुपारी दुसऱ्या ऑर्डरचा फोन आला, तसा सामान आवरून गेला. पैसे गेले ते गेले, पण आत्या परसात जाऊन भांडी घासत बसली आणि परत कॅमेऱ्यासमोर यायला तयार होईना, हे मी विसरणार नाही.

तुम्ही संध्याकाळच्या बसनं वडगावहून खानापूरला आणि तिथून भिजत आमच्या घरी आलात. आल्या आल्या सगळे दिवे घालवायला लावलेत. आम्ही अंधारात बसलो, कौलांवर पाऊस वाजत होता, आणि तुम्ही विचारलंत, "ही बाई काय लपवायलीय?" इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही.

मग पिशवीतून 100 वॅटचा साधा पिवळा बल्ब काढलात. चुलीआड खाली ठेवू का म्हटल्यावर हसलात, "खालनं उजेड मारलास तर हडळ दिसंल ती." बल्ब तिच्या गालाच्या उंचीला, एका बाजूला, मडक्यांच्या उतरंडीआड टांगलात आणि पुढं बटर पेपर धरलात. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. शेजारीण बसली होती ती उजेडाची बाजू, आणि आत्याला जे ठाऊक होतं ते काळोखाच्या बाजूला. तीच आत्या, तेच वाक्य, पण मॉनिटरकडं बघताना माझ्या अंगावर काटा आला. नंतर दिवा चार फुटांवरून आठ फुटांवर नेलात तर उजेड निम्मा नाही, पाव उरला, हेही त्या रात्री डोळ्यांनी बघून शिकले. आधी ते फक्त पुस्तकात वाचलं होतं.

पण एक उणीव तुम्हालाच दिसली. काळोखातला डोळा विझल्यासारखा वाटत होता. थर्मोकोल तो माणूस घेऊन गेलेला, घरात पांढरं काही सापडेना, दोरीवरचे कपडे ओले. तुम्ही काही न बोलता अंगातला पांढरा शर्ट काढलात, भाताची बुट्टी उपडी घातलीत आणि त्यावर शर्ट पसरून आत्याच्या गुडघ्याशी सरकवलात. बल्बचा उजेड त्यावर आपटून वर गेला आणि तिच्या डोळ्यात मोहरीएवढा ठिपका चमकला. बस्स, तेवढाच. जुलैच्या त्या गारठ्यात तुम्ही दीड तास बनियनवर उभे होतात. आणि प्रत्येक टेकनंतर आत्यालाच म्हणत होता, "वैनी, ब्येस केलासा."

चहाच्या वेळी तुम्ही म्हैसूरच्या कॅमेरामन व्ही. के. मूर्तींचं सांगितलंत. गुरुदत्तच्या 1959 च्या 'कागज के फूल'साठी त्यांनी आरशांवरून ऊन स्टुडिओत आणलं होतं. सत्यजित रायांचे कॅमेरामन सुब्रत मित्रांनी 'अपराजितो' सिनेमासाठी बनारसच्या घराचा सेट लावून वर कापड ताणलं आणि त्यावरून दिव्यांचा उजेड परतवला, हे मी वाचलं होतं. आरसा, कापड, आणि आमच्या घरात तुमचा शर्ट. मला तरी तिन्ही एकाच घराण्यातले वाटतात.

पैसे घेतले नाहीत. "नाट्यस्पर्धेला तीस वर्षं लाइट केली, कलाकाराकडनं कुठं घेतलं?" म्हणालात. आमच्या बेळगाव भागात अशी माणसं तालमीच्या खोल्यांत, रंगमंचाच्या विंगेत आयुष्य काढतात. पडदा पडला की लोक नटाला भेटायला जातात आणि ती वायरी गुंडाळत बसतात. त्यांचं नाव पत्रिकेत शेवटच्या ओळीत असतं, तेही जागा उरली तर. आपल्या फिल्ममध्ये तुमचं नाव आत्याच्या नावानंतर लगेच आलंय. काल त्याला टाळ्या पडल्या, त्या तुमच्यापर्यंत पोचवते आहे.

शर्टच्या बाहीला चुलीची काजळी लागली होती. आत्यानं तीनदा धुतला, तरी डाग थोडा राहिलाच. रविवारी आम्ही दोघी वडगावला येतोय. तो शर्ट आणि घरचा नवा तांदूळ घेऊन.

आपली,
खानापूरची पुतणी