आधी ठिपके मोज, मग देव ओळख

प्रिय मित्रा,

तुझ्या रोमन नाण्यांचे फोटो मिळाले. इतक्या झिजलेल्या नाण्यावरचा देव ओळखायचा तर चेहऱ्यात डोळे घालून बसू नकोस. आधी किमतीची खूण शोध. प्रजासत्ताकाच्या काळात कांस्याच्या प्रत्येक किमतीला एकेक देव ठरलेला होता. मूळ नाणं 'आस'; एका आसचे बारा 'उन्किया'. आसवर दोन तोंडांचा दाढीवाला जानुस आणि खूण म्हणून एक उभी रेघ. अर्ध्या आसवर, म्हणजे सेमिसवर, सातुर्न आणि 'एस' हे अक्षर. पुढे ठिपके, दर उन्कियाला एक: चार असले तर मिनर्व्हा, तीन हर्क्युलिस, दोन मर्क्युरी, एक रोमा, म्हणजे रोम नगराची देवी. मागे बहुतेक सगळ्यांवर गलबताची नाळ, म्हणजे पुढचं टोक. डोक्यामागचे ठिपके पुसले असतील तर नाळेच्या आसपास बघ.

घोळ होतो तो मिनर्व्हा आणि रोमाचा, कारण शिरस्त्राण दोघींनाही आहे. मिनर्व्हाचं कोरिंथियन घाटाचं, डोक्यावर मागे सारलेलं. भिंगाखाली त्याची डोळ्यांची खाच दिसते. हर्क्युलिसच्या डोक्यावर सिंहाचं कातडं, मर्क्युरीच्या टोपीला पंख.

वजनावर मात्र भिस्त ठेवू नकोस. रोम आणि कार्थेजमधल्या दुसऱ्या प्युनिक युद्धाच्या खर्चात आस झपाट्याने उतरला आणि पुढेही उतरत गेला. इ.स.पू. 211 च्या सुमारास तो साधारण 54 ग्रॅमचा होता, इ.स.पू. 90 च्या सुमारास जेमतेम 13. म्हणजे आधीचा पाव आस आणि नंतरचा पूर्ण आस तराजूत जवळपास सारखेच भरतात! तिथे निवाडा देव आणि ठिपकेच करतात.

आता कळकळीने सांगतो: देवघरातल्या तांब्याला लावतो तशी चिंच, लिंबू किंवा पितांबरी याला लावायची नाही. आम्लाने हिरवा-काळा थर जातो आणि देवाचा उरलासुरला चेहरा त्या थरातच असतो. डिस्टिल्ड पाण्यात भिजव, पाणी रोज बदल, माती मऊ झाली की बांबूच्या काडीने भिंगाखाली हळूहळू काढ.

तुझ्या तिसऱ्या फोटोत हर्क्युलिसच्या मानेशी फिकट हिरवी भुकटी दिसतेय. नखाने सुटत असेल तर तो कांस्याचा रोग समज. धातूतलं क्लोराइड दमट हवेत आम्ल तयार करतं आणि नाणं आतून पोखरत जातं. ते नाणं आजच वेगळं काढ. भुकटी काडीने खरवडून सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या 5 टक्के द्रावणात ठेव; द्रावण बदलत काही आठवडे लागतील आणि थराचा रंग थोडा बदलू शकतो. मग डिस्टिल्ड पाण्यातून काढून पूर्ण वाळव. पीव्हीसीच्या पाकिटात नको. पावसाळाभर सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात राहू दे.

त्या मानेचा जवळून फोटो पाठव.

तुझा मित्र