समास कुठाय, असं विचारणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही दोनदा बजावलंय म्हणून नुसतं काका. त्या रात्री फोनवर मी थँक्यू म्हणायला लागले तर तुम्ही "बरं बरं, ठेव आता, उशीर झाला" म्हणून कट केलात, आणि तेव्हापासून हे सगळं घशाशी अडकून राहिलंय, म्हणून आता इथं सगळ्यांसमोर लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचं गाव पळसदेव, इंदापूर तालुका. आत्ताचं नाही, जुनं, उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. पाणी चढलं तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, बारा-तेरा वर्षांचे होते. अजूनही काठावर उभे राहिले की पाण्याकडं हात करून "आपलं घर इथंच कुठंतरी" म्हणतात, आणि ते "कुठंतरी" मला लहानपणापासून टोचतं. म्हणून जुन्या बाजारात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचा इंचाला मैलवाला, म्हणजे कागदावरच्या एका इंचात जमिनीवरचा एक मैल दाखवणारा, नकाशा मिळाला तेव्हा मी ठरवलं की हा क्यूजीआयएसमध्ये, म्हणजे नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये, खऱ्या जागेवर बसवायचा, वर आजचा सॅटेलाइट फोटो टाकायचा आणि अण्णांना दाखवायचं. घर काही त्या नकाशात नाही, पण देऊळ आहे, ओढा आहे, भीमेचं जुनं वळण आहे, वाटा आहेत.

आता एरवी नकाशा बसवताना माणूस एखादा चौक, पूल, देऊळ असं दोन्हीकडं दिसणारं काहीतरी पकडतो, इथं तर पकडायचं ते सगळं पाण्यात, म्हणून मी चार कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश घेतले. एरर, म्हणजे सॉफ्टवेअर दाखवतं ती बसवण्यातली चूक, एक पिक्सेलपेक्षा कमी आली. आणि गाव जाऊन पडलं चार किलोमीटर पूर्वेला! किती वेळा परत केलं, दरवेळी तेच.

ज्या क्लासमध्ये मी फी भरून हे शिकले तिथं विचारलं तर म्हणाले एरर कमी आहे ना, मग बरोबरच आहे, तुमच्या वडिलांना आठवत नसेल. हे वाक्य मी विसरणार नाही. ज्या माणसाचं गाव गेलं त्यालाच आठवत नाही म्हणायचं? दुसऱ्या एकाने तीन हजार घेतले आणि थिन प्लेट स्प्लाइन नावाची नकाशा ताणायची पद्धत लावून तो असा ओढूनताणून बसवला की नदी वाळत घातलेल्या ओल्या साडीसारखी पिळवटलेली, पण देऊळ मात्र देवळावर. "घ्या, जुळलं." पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण ते अण्णांना दाखवायची माझी हिंमत झाली नाही कारण ते खोटं होतं आणि ते मला दिसत होतं.

मग कुणीतरी तुमचा नंबर दिला. तुम्ही फाईल उघडली आणि पहिला प्रश्न विचारलात, "समास कुठाय?"

मला कळेचना. स्कॅन करणाऱ्याने कडेची पांढरी पट्टी, म्हणजेच समास, कापून टाकली होती, स्वच्छ दिसावं म्हणून, आणि मलाही तेच बरं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात मूळ कागद काढ आणि खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचून दाखव. मी नळीतून नकाशा काढला, चार कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या, मोबाईलचा टॉर्च लावला. रेखांशाबद्दल एक ओळ होती. 2 मिनिटं 27 सेकंद वजा करा (घड्याळाची नाही, अंशाची मिनिटं-सेकंद). त्या काळी सगळे रेखांश मद्रासच्या वेधशाळेवरून धरलेले, आणि त्या वेधशाळेचाच रेखांश तेवढा जास्त धरला गेला होता, पुढे टेलिग्राफच्या तारेने वेळ जुळवून मोजल्यावर ते पक्कं झालं. तुम्ही फोनवरच हिशेब मांडलात, आपल्याकडं रेखांशाचा एक सेकंद म्हणजे साधारण 29 मीटर, गुणिले 147 सेकंद, सव्वाचार किलोमीटर. माझे चार किलोमीटर! उरलेला शे-सव्वाशे मीटरचा फरक एव्हरेस्ट 1830 आणि डब्ल्यूजीएस 84 मधला, म्हणजे पृथ्वीचा आकार धरायच्या जुन्या आणि आजच्या पद्धतीतला, तोही तुम्ही बसवून दिलात. मग मे महिन्यातला, उजनी मायनसमध्ये, म्हणजे पाणी अगदी तळाला गेलेलं असतानाचा सॅटेलाइट फोटो खाली लावला तर पळसनाथाचं देऊळ बरोब्बर देवळावर, काहीही न ओढता.

पण मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाहीये.

तुम्ही विचारलंत, "वडील जागे आहेत का?" साडेनऊ वाजून गेले होते. मी अण्णांना बोलावलं, लॅपटॉपसमोर बसवलं आणि तुम्हाला म्हणाले, काका ठेवते आता, तर तुम्ही म्हणालात, "नको, मी थांबतो. त्यांना घाई करू नकोस." आणि थांबलात. स्पीकरवर फक्त तुमच्या घरच्या पंख्याचा आवाज. अण्णांनी देवळापासून बोट धरलं, ओढ्यापर्यंत आणलं, परत मागं नेलं, वाटेच्या फाट्यापाशी थांबले, तिथून पुन्हा देवळापर्यंत गेले. तोंडाने पावलं मोजत होते. वीस मिनिटं तरी गेली असतील आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, कधी झालं म्हणून विचारलं नाहीत. मग अण्णांनी बोट टेकवलं आणि म्हणाले, "ही चिंच. हिच्यामागं आपलं दार." तेव्हा तिकडून तुमचा आवाज आला, "तिथं पॉइंट टाक गं पोरी, आणि सेव्ह कर."

नोकरीत असताना तुम्ही किती गावांचे नकाशे हाताळले असतील, तुम्हाला आमच्या चिंचेचं काय? तरी थांबलात. अशी माणसं असतात हे मला आता नुसतं ऐकून नाही, बघून माहीत आहे, आणि ज्यांनी अण्णांच्या आठवणीला खोटं पाडलं त्यांनीही एकदा असं थांबून बघावं असं फार वाटतं.

तो पॉइंट सेव्ह आहे. लेयरचं नाव अण्णांनी सांगितलं, "दार". कागदही आता समासासकट पुन्हा स्कॅन करून घेतलाय, त्याची फाईल तुम्हाला पाठवतेय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की अण्णा होडीवाल्याशी बोलणार आहेत. तुमची जागा धरून ठेवलीय, काकूंनाही आणा.

तुमची,
पळसदेवची पोर